आजार भाच्याला, तपासणी मावशीचीही

(आपल्या समुदाय रेडिओवर झालेलं हे भाषण. ज्यांचं ऐकायचं राहिलं त्यांच्यासाठी आणि गटाच्या बैठकीत वाचण्यासाठी इथे छापत आहोत.)



एका गटातून चिठ्ठी आली आहे. लिहिणारीने नाव घातलेलं नाही आणि मीही गाव सांगणार नाही. तिच्या सहा वर्षांच्या मुलाला हिमोफिलिया आहे, असं तिला दवाखान्यात सांगितलं. थोरली मुलगी ठणठणीत आहे. डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, "हा आजार आईकडून येतो." सासूबाईंनी तेवढंच वाक्य उचललं आणि तेव्हापासून घरात एकच धोशा चाललाय, तुझ्या माहेरचं रक्तच नासकं. चिठ्ठीच्या शेवटी दोन प्रश्न आहेत. माझ्याकडून आला म्हणता, तर मला स्वतःला काहीच कसं झालं नाही? आणि मुलीला सोडून मुलालाच का धरलं?

दोन्ही प्रश्न नेमके आहेत. पण चिठ्ठीत आणखी एक ओळ आहे, तिच्याकडे लिहिणारीचं स्वतःचंही लक्ष गेलेलं दिसत नाही. तिला दोन बहिणी आहेत. एकीचं लग्न ठरतंय आणि दुसरीला पाचवा महिना लागलाय. माझं लक्ष त्या ओळीवर अडकलं. ते का, हे पुढे सांगते. आधी आजार समजून घेऊ.

आपल्याला विळी लागली की रक्त येतं, थोड्या वेळाने ते गोठतं आणि खपली धरते. हे गोठणं एका झटक्यात होत नाही. विहिरीवरून घरापर्यंत बायका रांगेत उभ्या राहून घागरी हातोहात पुढे देतात ना, तसं ते काम आहे. रक्तात रांगेने काम करणारे घटक असतात. डॉक्टर त्यांना फॅक्टर म्हणतात आणि त्यांना नंबर दिलेले आहेत. रांगेतला आठवा नंबर नसेल किंवा कमी असेल तर तो हिमोफिलिया ए. नववा नसेल तर हिमोफिलिया बी. ए हा जास्त आढळतो. साधारण पाच हजार मुलगे जन्मले तर त्यांत एकाला तो असतो.

अशा मुलाला सुई टोचली की तो रक्त जाऊन मरतो, असा एक समज आहे. तसं नाही. त्याचं रक्त आपल्यापेक्षा जोरात वाहत नाही, ते थांबायला फार वेळ लागतो इतकंच. आणि खरा त्रास बाहेर दिसणाऱ्या जखमेचा नसतो, आतल्या रक्तस्रावाचा असतो. मूल रांगायला, चालायला लागलं की अंगावर काळेनिळे डाग दिसू लागतात. मग एखाद्या दिवशी गुडघा, घोटा नाहीतर कोपर सुजतं, गरम लागतं आणि मूल पाय टेकवत नाही. सांध्याच्या आत रक्त साठलेलं असतं. घरच्यांना वाटतं मुरगळलं, मग कुणी तेल लावून चोळतं, कुणी हाड बसवणाऱ्याकडे नेतं. चोळल्याने रक्तस्राव आणखी वाढतो. असं पुन्हा पुन्हा झालं की सांधा आखडतो आणि दहा-बारा वर्षांचा पोरगा लंगडत शाळेत जातो. हे टाळता येतं, म्हणून आजार लवकर कळणं फार मोलाचं आहे.

आता आईकडून येतो म्हणजे काय, ते पाहू.

आपल्या शरीराच्या पेशींमध्ये गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यांना नोंदवह्या समजा. शरीरात काय कसं बनवायचं, हे त्यांत लिहिलेलं असतं. प्रत्येक जोडीतली एक वही आईकडून आलेली असते आणि एक बापाकडून. शेवटची जोडी मात्र बाईची आणि पुरुषाची सारखी नसते. बाईकडे एक्स नावाच्या दोन वह्या असतात. पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. एक्स ही जाडजूड वही आहे, तिच्यात शेकडो नोंदी आहेत. वाय ही अगदी पातळ, तिच्यात मुख्यतः पुरुषपणाच्या थोड्या नोंदी. आठवा आणि नववा फॅक्टर कसा बनवायचा, हे दोन्ही एक्सच्या वहीत लिहिलेलं आहे. वायमध्ये ते पान नाहीच.

आपल्या बचत गटाचं रजिस्टर असतं आणि शहाण्या गटात त्याची एक प्रतही ठेवलेली असते. रजिस्टरचं एखादं पान भिजलं तर प्रत उघडून काम चालतं. बाईचं तसं आहे. तिच्या एका एक्सवर फॅक्टरचं पान खराब असलं तरी दुसऱ्या एक्सवर ते धड असतं, म्हणून तिचं बहुधा निभावतं. मुलाकडे एक्स एकच. त्यावरचं पान खराब निघालं तर दुसरं कुठून आणणार? मुलालाच का धरलं, या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

आणि मुलाला तो एक्स मिळतो आईकडूनच. बाप मुलाला वाय देतो, म्हणून तर तो मुलगा होतो. बापाने एक्स दिला असता तर मुलगी झाली असती. मुलगा होणार की मुलगी हे नवऱ्याकडून ठरतं, हे या कार्यक्रमात आपण किती वेळा बोललोय! त्याच हिशोबाची ही दुसरी बाजू आहे. मुलगा झाला म्हणून ज्या घरात पेढे वाटले, त्या घराने हेही समजून घ्यावं की मुलाचा एक्स बापाकडून येण्याची सोयच निसर्गाने ठेवलेली नाही. आईने काही चुकीचं खाल्लं नाही, ग्रहण पाळलं नाही म्हणून हे झालं नाही. तिच्याकडे दोन वह्या होत्या. त्यांतली कोणती मुलाकडे जावी, हे तिच्या हातात कधीच नव्हतं.

अशा आईला वाहक म्हणतात. तिच्या प्रत्येक बाळाच्या वेळी काय होतं ते पाहा. ओच्यात एक धड बांगडी आणि एक चिरलेली बांगडी आहे असं धरा. डोळे मिटून एक काढायची. चिरलेली मुलाकडे गेली तर त्याला आजार, धड गेली तर तो पूर्ण निरोगी आणि त्याच्या पुढच्या पिढीलाही धोका नाही. मुलीकडे चिरलेली गेली तर ती आईसारखी वाहक, धड गेली तर तीही मोकळी. म्हणजे प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता निम्मी, प्रत्येक मुलीला वाहक असण्याची शक्यता निम्मी. आणि बांगड्या दर वेळी परत ओच्यात ठेवून पुन्हा काढायच्या असतात, हे विसरू नका. पहिल्याला झाला, आता दुसरा सुटणार, असा हिशोब नसतो. दोघांना होईल, एकालाही होणार नाही, काहीही घडू शकतं.

हिमोफिलिया असलेला मुलगा मोठा होऊन बाप झाला तर गणित बदलतं. तो मुलग्यांना वाय देतो, त्यामुळे बायको वाहक नसेल तर त्याचे सगळे मुलगे सुटतात. मुलींना मात्र तो आपला एकुलता एक्स देतो, म्हणून त्याची प्रत्येक मुलगी वाहक असतेच. तिथे शक्यतेचा प्रश्न राहत नाही. मग आजोबांचा आजार मधली पिढी ओलांडून लेकीच्या मुलात उगवतो आणि लोक म्हणतात, आजोळचं काहीतरी बाधलं.

इथे एक नाजूक गोष्ट बोलायला हवी. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत पुष्कळ घराण्यांत आहे. मामाला हिमोफिलिया असेल तर त्याची प्रत्येक मुलगी वाहक आहे, हे आत्ताच पाहिलं. ती सून म्हणून आत्याच्या घरी आली की तिच्या मुलग्यांना आजाराची शक्यता निम्मी. नवरा निरोगी असला तरीही. आणि नवरा, म्हणजे त्या मामाचा भाचा, स्वतःच हिमोफिलियाचा असेल, तर मुलीही सुटत नाहीत. चिरलेली बांगडी बापाकडून येणारच, आईकडूनही आली की मुलीच्या दोन्ही वह्यांत ते पान खराब. अशा मुलीला मुलासारखाच पूर्ण आजार होतो. रीत मोडा असं मी म्हणत नाही, तो तुमचा घरचा विषय. पण मामाचा गुडघा लहानपणापासून का आखडलेला आहे, हे विचारल्याशिवाय सुपारी फोडू नये.

आता चिठ्ठीतल्या पहिल्या प्रश्नाकडे येते. मला काहीच कसं झालं नाही? बाई, खरंच काही झालं नाही का, हे एकदा नीट आठव.

कारण दोन वह्यांची गोष्ट मी जरा सोपी करून सांगितली. बाईच्या प्रत्येक पेशीत दोन्ही एक्स उघडे नसतात. बाळ पोटात अगदी इवलंसं असतानाच प्रत्येक पेशी दोनपैकी एक एक्स मिटून ठेवते आणि एकावरच काम चालवते. कोणता मिटायचा, हे ज्या त्या पेशीचं. काही पेशींत आईकडचा मिटतो, काहींत बापाकडचा. मेरी लायन नावाच्या ब्रिटिश बाईंनी १९६१ साली उंदरांच्या केसांचे रंग अभ्यासून ही कल्पना मांडली. आपल्याला उंदीर पाळायची गरज नाही, दारातलं मांजर पुरतं. पांढऱ्या अंगावर काळे आणि तांबूस असे दोन्ही ठिपके असलेलं तिरंगी मांजर बघा. ती जवळजवळ नेहमी मांजरीच असते, बोका क्वचितच सापडतो. कारण तांबूस की काळा, हे मांजरांत एक्सवर लिहिलेलं असतं. मांजरीकडे दोन एक्स, म्हणून अंगावर दोन्ही रंगांचे तुकडे. बोक्याकडे एकच, म्हणून तो एक तर तांबूस नाहीतर काळा.

आपलंही अंग आतून असंच ठिपक्याठिपक्यांचं आहे. फॅक्टर मुख्यतः यकृतात बनतो. वाहक बाईच्या यकृतातल्या साधारण निम्म्या पेशींत धड एक्स उघडा राहिला तर फॅक्टर निम्म्याच्या आसपास बनतो आणि तेवढा बहुधा पुरतो. पण ठिपके नेहमी निम्मे-निम्मे पडत नाहीत. एखादीच्या नशिबी धड एक्सच जास्त ठिकाणी मिटतो. तिचा फॅक्टर कमी पडतो आणि तिलाही रक्तस्रावाचा त्रास होतो. "बायका फक्त वाहक असतात, त्यांना काही होत नाही," असं पुष्कळ वर्षं सांगितलं गेलं. ते अर्धवट आहे आणि त्या अर्धवट माहितीने बायकांचं नुकसान केलंय.

म्हणून आठवून पाहा. पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते का? तासा-दोन तासाला कापड किंवा पॅड बदलावं लागतं का, मोठ्या गाठी पडतात का? दाढ काढल्यावर दोन दिवस तोंडातून रक्त येत राहिलं का? बाळंतपणानंतर, विशेषतः घरी आल्यावर पुन्हा रक्तस्राव वाढला होता का? गरोदरपणात आठवा फॅक्टर वाढतो आणि बाळंतपणानंतर उतरतो, त्यामुळे वाहक बाईला उशिरा त्रास होऊ शकतो. नववा फॅक्टर तर गरोदरपणातही फारसा वाढत नाही. अंगावरून जास्त जातं म्हणून "पिशवी काढून टाका" असा सल्ला मिळालेल्या बायका आपल्या भागात कमी नाहीत. नात्यात कुणाला हिमोफिलिया असेल तर पिशवीच्याच काय, कुठल्याही ऑपरेशनआधी फॅक्टरची तपासणी करून घ्यायलाच हवी. एरवी त्या टेबलावरच जिवावर बेतू शकतं.

हा आजार बहिणीबहिणींच्या लेकरांत फिरतो, हे जगाने फार पूर्वी हेरलं होतं. ज्यू लोकांच्या तालमूद ग्रंथात चार बहिणींची हकिगत नोंदलेली आहे. पहिलीच्या मुलाची सुंता केली, तो दगावला. दुसरीचा दगावला, तिसरीचाही. चौथी धर्मगुरूंकडे विचारायला गेली. त्यांनी सांगितलं, तू करू नकोस. ही सुमारे अठराशे वर्षांपूर्वीची गोष्ट. एक्स-वाय कुणाला ठाऊक नव्हतं, तरी मावशीच्या मुलाचं दुखणं आपल्या मुलाला असू शकतं, एवढं त्यांनी ओळखलं होतं.

आणि नासक्या रक्ताबद्दल बोलणाऱ्यांना इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची आठवण द्यावी. आपल्या देशावरही तिचं राज्य होतं. ती वाहक होती. तिचा मुलगा लिओपोल्ड याला हिमोफिलिया होता. तो १८८४ साली पडण्याचं निमित्त होऊन तिसाव्या वर्षी गेला. त्याची मुलगी वाहक निघाली आणि तिच्या मुलाला आजार झाला, म्हणजे तेच आजोबा-लेक-नातू. राणीच्या दोन मुलीही वाहक होत्या. त्यांच्यामार्फत हा आजार रशिया आणि स्पेनच्या राजघराण्यांत गेला. रशियाचा राजपुत्र अलेक्सी हा राणीचा पणतू. त्याच्या घराण्याच्या अस्थींची तपासणी होऊन २००९ साली कळलं की तो हिमोफिलिया बी होता. राणीच्या आधी मात्र त्या घराण्यात हा आजार असल्याची नोंद नाही.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. साधारण तीन रुग्णांत एकाच्या घराण्यात आधी कुणालाच हा आजार नसतो. वही उतरवून घेताना एखादं अक्षर चुकावं, तसा बदल नव्याने होतो. म्हणजे "तुझ्या माहेरचं" हे वाक्य पुष्कळदा शब्दशःही खोटं असतं.

विदर्भात, नंदुरबारकडे ऐकणाऱ्या मैत्रिणींना सिकलसेल माहीत आहे. त्याची गल्लत इथे करू नका. सिकलसेलचं पान एक्स-वायवर नसून दुसऱ्या जोडीवर असतं. तिथे आई आणि बाप दोघांकडून खराब पान यावं लागतं आणि मुलगा-मुलगी दोघांना सारखाच धोका असतो.

आता त्या दोन बहिणी. चिठ्ठी लिहिणारी जर वाहक असेल आणि तिला ते तिच्या आईकडून आलं असेल, तर प्रत्येक बहीण वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे. ज्या बहिणीला पाचवा महिना आहे, तिने थांबू नये. नेहमीच्या रक्ततपासणीत हे दिसत नाही. हिमोग्लोबिन, प्लेटलेट सगळं चांगलं येतं. फॅक्टरची पातळी मोजावी लागते. तीही ठीक आली तरी ती वाहक नाही असं म्हणता येत नाही, त्यासाठी जनुकाची तपासणी लागते. त्यात आधी आजारी भाच्याच्या रक्तात नेमका कोणता बदल आहे ते शोधतात, मग तोच बदल मावशीत आहे का ते पाहतात. म्हणून भाच्याचे कागद मावशीच्या हातात हवेत. मुंबईत परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, तिथे अशा तपासण्या होतात. जिल्हा रुग्णालयातून किंवा वैद्यकीय महाविद्यालयातून चिठ्ठी घेऊन जावं.

तिची बाळंतपणाची जागा आजच ठरवायला हवी. जिथे रक्तपेढी आहे, फॅक्टर मिळतो आणि बालरोगतज्ज्ञ आहेत, अशा मोठ्या रुग्णालयात. चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून बाळ ओढायचं नाही, हे डॉक्टरांना आधी माहीत असायला हवं. मुलगा झाला तर नाळेतल्या रक्ताची तपासणी करता येते. बाळाच्या मांडीत सुई टोचण्याआधी सिस्टरला सांगायचं. आणि बारशाला कान टोचण्याची घाई अजिबात नको, रिपोर्ट येऊ द्या.

जिचं लग्न ठरतंय तिला वेळ आहे. ती वाहक निघाली तर पुढे गरोदरपणात सुरुवातीच्या महिन्यांतच गर्भाला आजार आहे की नाही हे तपासता येतं. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा १९९४ चा कायदा अशा लिंगाशी जोडलेल्या आजारांच्या तपासणीला नोंदणीकृत केंद्रात परवानगी देतो. तपासणी आजाराची असते. मुलगा की मुलगी हे सांगणं तिथेही गुन्हाच. "तुमच्यात असा आजार आहे, सोनोग्राफीत बघून टाकू," म्हणणारा कुणी भेटला तर त्याला चार हात लांब ठेवा. मुलगा आहे एवढ्यावरून काही ठरत नाही, निम्मे मुलगे निरोगी असतात. आणि ज्याला आजार आहे तो मुलगाही आज वेळेवर फॅक्टर मिळाला तर शिकतो, कमावतो, संसार करतो.

नवरीकडच्यांनी हे लग्नाआधी सांगावं का? माझं मत विचाराल तर सांगावं, पण तपासणी करून, कागद हातात घेऊन सांगावं. अर्धवट कुजबुज पोरीचं जास्त नुकसान करते.

त्या सहा वर्षांच्या मुलाबद्दल थोडं. गुडघा सुजला की बर्फ कापडात गुंडाळून लावा, पट्टी बांधा, पाय उंच ठेवा, हलवू नका आणि फॅक्टरसाठी निघा. फॅक्टर शिरेतून देतात, जितका लवकर तितका सांधा वाचतो. डोक्याला मार लागला तर काही दिसत नसलं तरी थेट दवाखाना, वाट पाहायची नाही. दुखण्यावर ॲस्पिरिन, आयब्रुफेन, कॉम्बिफ्लॅम द्यायचं नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने साधी पॅरासिटामॉल चालते. कंबरेत-दंडात इंजेक्शन नको. लसी मात्र चुकवू नका. आजार आधी सांगायचा, बारीक सुई वापरायला सांगायची आणि टोचलेली जागा न चोळता पाच-दहा मिनिटं दाबून धरायची.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आणि बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत फॅक्टर मोफत मिळतो, पण निघण्याआधी साठा आहे का ते फोनवर विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. हिमोफिलिया फेडरेशन ही रुग्णांची आणि कुटुंबांची संघटना १९८३ पासून काम करते, मुंबई-पुण्यात तिच्या शाखा आहेत.

शाळेच्या बाईंना भेटून एका कार्डावर मुलाचं नाव, आजाराचा प्रकार ए की बी, रक्तगट, फॅक्टर मिळणाऱ्या दवाखान्याचा नंबर आणि घरचा नंबर लिहून द्या. तसंच एक कार्ड दप्तरात, एक त्याच्या खिशात. आणि चौथं कार्ड मावशीकडे पाठवा, तिच्या बाळंतपणाच्या फाइलमध्ये लावायला.